‘दादांना विचारून सांगतो’

पेठकर (धागाकर्ता)

श्रावण संपत आला, गणपतीची तयारी सुरू झाली की आपल्या कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत एक माणूस हमखास दिसतो. एक फोन कानाला, दुसरा खिशात वाजतोय, काखेत परवानग्यांची फाईल. तालमीचा अध्यक्ष तोच, पतसंस्थेत संचालक तोच, अपार्टमेंटचा सेक्रेटरी तोच, आणि कुणाच्या घरी मयत झाली तर पंचगंगेवर सगळ्यात आधी पोचलेलाही तोच. त्याला सगळे दादा म्हणतात. दादा दुपारचं जेवण चारला जेवतात, दादांना शुगर आहे, दादांना झोप नाही, हे आपण कौतुकानं सांगतो. मला त्या कौतुकाचाच संशय येतो.

मागच्या वर्षी मंडप घालताना बघितलेली गोष्ट. ॲम्ब्युलन्स जाईल एवढी वाट सोडायची, तर कोपऱ्यातला वासा दोन फूट आत घ्यायला हवा होता. मंडपवाल्यानं विचारलं, घेऊ का आत? समोर चार पोरं उभी. त्यातला एक सिव्हिल इंजिनियर, साईटवर अख्खा स्लॅब स्वतःच्या जबाबदारीवर ओततो. चौघंही म्हणाले, ‘दादांना विचारून सांगतो.’ दादा पोलीस ठाण्यात साहेबांच्या केबिनमध्ये, फोन सायलेंटवर. मंडपवाल्याची माणसं बांबूवर बसून मावा मळत राहिली. तासाभरानं दादा आले आणि गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडले, ‘अरे घ्या की दोन फूट आत, त्यात विचारायचं काय?’

पोरं गप्प. कारण त्याच्या आदल्या वर्षी एकानं न विचारता स्वागत कमानीची जागा बदलली होती आणि दादांनी भर चौकात त्याची बिनपाण्यानं केली होती. पोरांनी त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं.

दादा कामं वाटत नाहीत असं कुणी म्हणू नये. पावतीपुस्तकं एकाकडं, जनरेटर दुसऱ्याकडं, प्रसाद तिसऱ्याकडं, सगळं वाटलेलं असतं. वाटत नाहीत तो निर्णय. कुठला जनरेटर, किती भाड्याचा, नको म्हणायचं की हो म्हणायचं, हे सगळं दादांकडं. त्यामुळं सकाळी हातावेगळं झालेलं प्रत्येक काम संध्याकाळी प्रश्न होऊन परत त्यांच्याच दारात येतं. म्हणजे कामाचा ताण आहे तेवढाच, वर प्रश्नांची उत्तरं देण्याचा ताण वेगळा.

तुमच्या मंडळात, संस्थेत, कारखान्यात काय चालतं? कुणी हे बदललं असेल तर नेमकं काय केलं ते लिहा. ‘टीमवर विश्वास ठेवा’ छापाचं नको, ते व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतंय.

नाद_खुळा

पेठकर भावा, लिवलंय झ्याक पन एकाच बाजूचं. दादा हाय म्हनून चाललंय. मीटिंगला बोलावलं की तीस जन हात वर करत्यात, वर्गणीला निघायचं म्हटलं की चार उरत्यात, आनि त्या चारातला एक ‘बायकोला दवाखान्यात न्यायचंय’ म्हनून पापाच्या तिकटीवरनं वळतोय. मग दादानं कुनावर सोडायचं? निर्णय घ्यायला पोरं पुढं, पन इसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडप सोडवायला कोन असतंय? दादाच की.

वहिनी

मी अशाच एका दादांची बायको. इथं वाचते नेहमी, लिहीत नाही.

दादांचं अर्धं काम कोण करतं ते कुणालाच माहीत नाही. मंडळाची पावतीपुस्तकं माझ्या कपाटात साड्यांच्या खाली. बेलचं टायमर, स्पीकरच्या वायरी, मागच्या वर्षीची शिल्लक अगरबत्ती, सगळं आमच्या माळ्यावर. कुणाची वर्गणी आली, कुणाची राहिली, हे तोंडपाठ मला. मध्यंतरी ते आजारी होते तेव्हा मंडळाची निम्मी कामं मी दवाखान्याच्या जिन्यात बसून फोनवर केली. तेव्हा मात्र एकही पोरगं ‘दादांना विचारून सांगा’ म्हणालं नाही. वहिनी म्हणाल्या म्हणजे झालं.

म्हणजे अधिकार सोडता येतो. फक्त तो घरातल्या माणसाकडं गुपचूप सोडला जातो, कार्यकारिणीत नाही. कार्यकारिणीत आजतागायत एक बाई नाही हे जाता जाता सांगून ठेवते.

पेठकर

वहिनी, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. धाग्याचा अर्धा भाग तुम्हीच लिहिलात.

जुना_अध्यक्ष

बारा गल्ल्यांतलं राजकारण बघितलेला माणूस म्हणून चार शब्द.

बाहेरून ‘निर्णय सोडा’ म्हणणं सोपं आहे. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नाव कुणाचं? विश्वस्तांचं. बँकेत सह्या कुणाच्या? त्यांच्याच. ऑडिटरसमोर कोण बसतं? आवाजाचं घ्या. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. साऊंडवाल्याला ‘अजून थोडा वाढव’ असं सांगणारा पोरगा कुठल्या कागदावर नसतो. गुन्हा दाखल होतो तो अध्यक्षावर आणि साऊंडच्या मालकावर. मग अध्यक्ष प्रत्येक वासा, प्रत्येक वायर स्वतःच्या नजरेखालून घालतो, तर त्याला हौशी म्हणायचं का?

जबाबदारी वाटता येत नाही, ती एकाच्याच मानेवर बसते. आणि ज्याच्या मानेवर बसते तो लगाम सोडत नाही. माणसाचा स्वभावच आहे हा.

राजारामपुरीचा_डॉक्टर

मी आकडे सांगतो, मग चर्चा चालू द्या.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ साली आलेला अभ्यास आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना केली तर ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका अंदाजे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा लांबलेल्या कामाशी जोडलेले ७,४५,००० मृत्यू त्यांनी मोजले.

आता एक खुलासा. हे पोटापाण्याच्या कामाचं आहे, मंडळाचं काम त्यात धरलेलं नाही. पण आपल्या दादांचं दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ असतंच. मंडळ, पतसंस्था, अपार्टमेंट हे त्याच्यावरचं. माझ्याकडं येतात तेव्हा बी. पी. मोजतानासुद्धा फोन उचलतात. पट्टा दंडाला, यंत्र फुगतंय, आणि हे सांगतायत, ‘लाल नको, भगवाच लाव.’ मी तो आकडा केसपेपरवर लिहीतच नाही, परत घेतो.

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली सगळीकडं फिरतो. त्याच संघटनेनं २०१९ मध्ये त्याची नोंद घेतली ती आजार म्हणून नव्हे, नोकरीच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तेव्हा गोळी मागू नका, माझ्याकडं नाही.

ओतकाम

मी एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे. कुठली ते विचारू नका, एमआयडीसी लहान आहे.

आम्ही एसजी आयर्न ओततो, म्हणजे आत ग्रॅफाइटच्या गोळ्या धरलेलं चिवट बीड. मॅग्नेशियमची ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू होतं. लॅडलमधला, म्हणजे ओतायच्या बादलीतला, धातू दहाएक मिनिटांत साच्यात गेला पाहिजे. उशीर झाला की मॅग्नेशियम उडतं, आत ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट धरत नाहीत, आणि कास्टिंग दिसायला झकास असलं तरी लॅबमध्ये नापास होतं. आमच्याकडं नियम असा होता की स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा काठावर आला तर मालकांना फोन करायचा. ओतायचं की पिग करून टाकायचं, म्हणजे ठोकळे पाडून परत वितळवायला ठेवायचं, ते मालक सांगणार.

आता बघा. लॅडल क्रेनला लटकतंय, पोरं हातमोजे घालून साच्यापाशी उभी, सगळ्यांचं तोंड तांबडंलाल, आणि माझ्या कानात मालकांची कॉलर ट्यून वाजतेय. मालक बँकेत. फोन आला तोवर धातूचा रंग उतरलेला. ‘ओत ओत, काय होत नाही.’ ओतलं. पूर्ण हीट, म्हणजे भट्टीचा तो अख्खा घाणा, रिजेक्ट. महिन्याच्या मीटिंगमध्ये मालकांचं वाक्य, ‘मी एक तास बाहेर गेलो की इथं माती होते.’

बदल कसा झाला ते सांगतो, कारण पेठकरांनी तेच विचारलंय. कुणी भाषण दिलं नाही. गिऱ्हाइकाचा ऑडिटर आला होता, त्यानं विचारलं, हा निर्णय कोण घेतं ते कुठं लिहिलंय? लिहिलेलं नव्हतं. मग भट्टीजवळ एक तक्ता लागला. अमुक ते अमुक आकडा, सुपरवायझर ओतेल. त्याच्या बाहेर, सुपरवायझर पिग करेल. ट्रीटमेंटनंतर इतकी मिनिटं उलटली, कुणालाही न विचारता पिग. फोन फक्त भट्टीचं लायनिंग गेलं किंवा कुणाला भाजलं तर.

पहिले काही दिवस मालक स्वतःच खाली यायचे. ‘सगळं ठीक ना? फोन नाही आला?’ त्यांना करमत नव्हतं. मला वाटतं खरी गोम तिथंच आहे. फोन वाजला नाही तर आपण कोण, असं होतं माणसाला.

नाद_खुळा

@ओतकाम कॉलर ट्यून कुठली हुती तेवढं सांगा.

ओतकाम

‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’वाली. आजही ऐकली की घाम फुटतो.

जुना_अध्यक्ष

ओतकाम यांचा तक्ता पटला. पण तिथं आकडा होता, म्हणून तक्ता झाला. शेजारच्या मंडळाशी मिरवणुकीत कोण पुढं यावरून वाजलं तर कुठला आकडा बघणार?

पेठकर

तो निर्णय दादांकडंच राहू दे की. माझं म्हणणं एवढंच आहे की आवाज, मिरवणुकीचा मार्ग, पोलिसांना दिलेला शब्द, मोठा चेक, भांडण, ही पाचसहा कामं अध्यक्षाची. तुम्ही म्हणता तशी मान त्याचीच अडकणार असेल तर लगामही त्याच्याचकडं. पण वासा दोन फूट आत घेण्यात कुणाची मान अडकते? ज्यात अडकत नाही तेही आपण त्याच गाठोड्यात बांधतो आणि मग ओझ्याखाली वाकल्याचं सांगत फिरतो.

इतिहासवेडा

विषय निघालाच आहे तर आपल्याच मुलखातलं उदाहरण घ्या. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, मोगल सगळीकडं पसरले, आणि राजाराम महाराजांना तिकडं तमिळ मुलखात जिंजीला जावं लागलं. त्या वेळी इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला. ‘हुकूमतपन्हा’ हा किताब दिला, म्हणजे राजाच्या नावानं निर्णय करण्याचा पूर्ण अधिकार. पंतांचा मुक्काम विशाळगडावर. जिंजी कुठं, विशाळगड कुठं! मधला मुलूख शत्रूचा. प्रत्येक गोष्टीला विचारून सांगतो म्हटलं असतं तर उत्तर येईपर्यंत किल्ला गेला असता. जवळपास नऊ वर्षं हा कारभार असा चालला आणि औरंगजेबाला स्वराज्य काही गिळता आलं नाही.

यातली बारीक गोष्ट बघा. नुसतं ‘पंत, जरा लक्ष ठेवा’ असं सांगून महाराज गेले नाहीत. किताब दिला. त्यामुळं सरदारापासून देशमुखापर्यंत सगळ्यांना कळलं की आता या माणसाचा शब्द म्हणजे कुणाचा शब्द. आपल्या मंडळात दादा एखाद्या पोराला कोपऱ्यात घेऊन सांगतात, ‘डेकोरेशनचं तूच बघ.’ डेकोरेशनवाल्याला ते माहीत नसतं, खजिनदाराला माहीत नसतं. मग पोरगं पैसे मागायला गेलं की खजिनदार काय म्हणणार? दादांना विचारून सांगतो.

नाद_खुळा

आता पानपतापातूर जाऊ नका म्हंजे झालं. पन ते कोपऱ्यात घिऊन सांगायचं बराबर पकडलंय बगा. आमच्यात आसंच चालतंय.

दूधसंस्था_सचिव

तुमच्याकडं दादा काम सोडत नाहीत, आमच्या गावात उलट तऱ्हा. चेअरमन सगळंच सोडून मोकळे. ‘सचिव बघतील.’

पहाटे पाचला दार उघडायचं. दूध संकलन, फॅट, डिग्री, टँकर गाठायचा. दुपारी पशुखाद्याची पोती मोजून घ्यायची. संध्याकाळी परत संकलन. दर दहा दिवसाला बिलं, त्यात कर्जाची कपात, खाद्याची कपात. शिवाय ऑडिट, वार्षिक सभेचा अहवाल, निवडणुकीची यादी. म्हातारं माणूस आलं की ‘माझ्या म्हशीचं फॅट कालपेक्षा कमी का?’ याचंही उत्तर मीच द्यायचं. आणि फॅट मशीनची बॅटरी उतरली तर नवीन आणायला मात्र संचालक मंडळाचा ठराव लागतो. गेल्या पावसात मशीन बंद पडलं, ठराव होईपर्यंत शेजारच्या गावच्या संस्थेतून मशीन उसनं आणून चालवलं.

तेव्हा काम सोपवलं म्हणजे झालं असं कुणी समजू नये. एकाच्या डोक्यावरचं सगळं ओझं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, एवढंच होतं कधी कधी. काम सगळं माझं, अधिकार बॅटरीचासुद्धा नाही. रजा घ्यायची तर माझ्या जागी बसणारा कुणी शिकवून तयार केलेला नाही. पोराच्या बारशाला मी टँकर रवाना करून गेलो होतो, ते पण घाईत जेवून परत.

राजारामपुरीचा_डॉक्टर

सचिवसाहेब, वेळ काढून एकदा तपासून घ्या. कुठंही घ्या, पण घ्या.

गारगोटीकर

आमचा महिला बचत गट. नाबार्डनं १९९२ साली ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला तिथून ही चळवळ वाढली, आमचा गट त्यामानानं नवा, राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानातला.

सुरुवातीला आमच्यात लिहिता-वाचता येणारी, बँकेत बोलणारी अशी एकच. सचिव तीच. बचतीचं रजिस्टर, कर्जाचं रजिस्टर, इतिवृत्त, बँकेच्या फेऱ्या सगळं तिच्याकडं. बाकीच्या आम्ही बैठकीला यायचो, पैसे ठेवायचो, अंगठा नाहीतर सही, निघालो. लेकीच्या बाळंतपणाला ती इचलकरंजीला गेली आणि गटाचं कामकाज चपातीच्या पिठाच्या पिशवीवर लिहिलं गेलं. खरंच. कर्ज कुणाला किती दिलं ते पिशवीवर. ती पिशवी एका घरात चुलीला गेली. पुढं काय झालं असेल ते समजून घ्या.

गटाला मार्गदर्शन करणारी ताई आली तेव्हा तिनं सचिवबाईला बाजूला बसवलं आणि हुकूम सोडला की दर बैठकीला रजिस्टर वेगळ्या बाईनं लिहायचं. सचिव शेजारी बसेल, बोट दाखवेल, पण पेन हातात घेणार नाही. काय हाल झाले म्हणून सांगू! एका ओळीला पाच मिनिटं. बेरीज चुकायची, अक्षर रेघेखाली उतरायचं. सचिवबाई तिथंच बसून तळमळायची, हात शिवशिवायचा तिचा. एकदा न राहवून पेन हिसकावलं तर ताईनं ते काढून परत त्या बाईच्या हातात दिलं.

आता सहाजणी लिहितात. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं. अध्यक्ष बदलतो. बँकेत कुणीही जातं. सचिवबाई आता शिलाईचं दुकान टाकून बसलीय, वेळ मिळाला म्हणून.

माझं पुरुष मंडळींना एक विचारणं आहे. तुमच्या अध्यक्षाला असं पेन हातात न घेता शेजारी बसून राहायला सांगणारं कुणी आहे का? आमच्यात बाहेरची ताई होती. आतल्या बाईनं सांगितलं असतं तर भांडण लागलं असतं.

लाल_मातीतला

गारगोटीकर ताई, पेन हिसकावण्याचं वाचून हसू आलं. आमच्या तालमीत वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो म्हणतात, पठ्ठा उलटला तर कामाला यावा म्हणून. आपल्या अध्यक्षांचं तेच. सगळं सांगतील पण एक काहीतरी स्वतःकडं. मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड, महावितरणच्या तात्पुरत्या मीटरसाठी कुणाला भेटायचं त्याचं नाव, नाहीतर देणगीदारांची खरी यादी. मग दादांशिवाय चालत नाही हे दरवर्षी सिद्ध होतंय.

शिरोळकर

२०१९ च्या पुराचं सांगतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली होती, ४३ ला धोका पातळी. हायवे शिरोलीला पाण्यात. आमच्या ग्रुपचे प्रमुख कोल्हापुरात अडकले, आम्ही इकडं एका शाळेत निवारा केंद्र चालवत होतो. वीज नाही, फोन नाहीत. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, स्वयंपाक याच्याकडं, औषधं त्याच्याकडं, येणाऱ्या गाड्या या बाईंकडं. विचारायला माणूस पाठवू नका, जे वाटेल ते करा, भेटलो की सांगा.

गाड्यांवर होत्या त्या एक शिक्षिका. बाहेरगावाहून मदतीचे ट्रक यायला लागले आणि त्यात निम्मे जुने कपडे. ओल्या शाळेत जुन्या कपड्यांचा ढीग म्हणजे दुसऱ्या दिवशी वास आणि बसायला जागा नाही. बाईंनी दारातच थांबवलं. ‘पाणी, चटया, लहान मुलांचं दूध असेल तर उतरवा. कपडे परत न्या.’ ट्रकसोबत आलेले पुढारी तावातावानं म्हणाले, तुमच्या प्रमुखांना बोलवा, एवढ्या लांबून आणलंय. बाई म्हणाल्या, प्रमुख पाण्यापलीकडं आहेत, इथं मीच. ट्रक गेला परत. आम्हाला धडकी भरली होती, पण वर्ग कोरडे राहिले, तीनशेच्या वर माणसं त्यात झोपली.

आता गंमत बघा. २०२१ च्या जुलैत परत पूर. तेच केंद्र, तीच माणसं, पण या वेळी फोन चालू. प्रमुख आपल्या घरी, चार्जिंग फुल्ल. झालं. भात किती टाकू इथपासून प्रत्येक गोष्ट त्यांना फोनवर. ट्रकवाल्यांनी तर बाईंना ओलांडून थेट प्रमुखांना लावला, आणि त्यांनी भिडेखातर ‘घ्या उतरवून’ म्हटलं. एका खोलीत छतापर्यंत कपडे. बाई संध्याकाळी घरी निघून गेल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या गेल्या. पुढच्या कामाला आल्या नाहीत.

जुना_अध्यक्ष

शिरोळकर, हे मात्र लागलं. दिलेला अधिकार परत घेतलेला कुणाला कळत नाही, पण ज्याच्याकडून घेतला त्याला बरोबर कळतो. असे कार्यकर्ते गेलेले मी बघितलेत. आपण म्हणतो, पोरं टिकत नाहीत.

नाद_खुळा

व्हय. आमच्या चारातला जो पापाच्या तिकटीवरनं वळतोय ना, त्यो मागं डेकोरेशन बघायचा. लई हुशार पोरगं. ऐनवेळी दादानं थीमच बदलली. तवापासनं त्याच्या बायकोला दर वर्गणीला दवाखाना लागतोय.

वहिनी

ते पोरगं आमच्याकडं येतं अजून. चहा पिऊन जातं. दादा घरी नसताना.

पेठकर

रविवारी आमच्या कार्यकारिणीची बैठक आहे. इथलं वाचून एक ठराव लिहिलाय, जसाच्या तसा टाकतो, चुका काढा.

‘यंदाच्या उत्सवासाठी मंडप, विद्युत, प्रसाद, सजावट व वर्गणी असे पाच विभाग करण्यात येत आहेत. प्रत्येक विभागास एक प्रमुख व एक उपप्रमुख राहील. विभागप्रमुखाचे नाव संबंधित ठेकेदार व खजिनदार यांना लेखी कळवण्यात येईल व मंडळाच्या फलकावर लावण्यात येईल. विभागाच्या मंजूर रकमेतून एका वेळी रु. ३,००० पर्यंतचा खर्च विभागप्रमुख स्वतःच्या अधिकारात करील व तीन दिवसांत पावती देईल. विभागप्रमुखाने घेतलेला निर्णय अध्यक्षांस बदलावयाचा झाल्यास तो बैठकीत, विभागप्रमुखाच्या समक्षच बदलता येईल. ध्वनियंत्रणा, मिरवणूक, पोलीस व महापालिका परवानगी आणि रु. ३,००० वरील खर्च अध्यक्षांकडे राहील.’

जुना_अध्यक्ष

‘समक्षच’ हा शब्द खोडू देऊ नका, बैठकीत त्यावरच बोट ठेवतील. उपप्रमुखाच्या जागी एक तरी असा घ्या जो अजून कधी कशाचा प्रमुख झालेला नाही. आणि पोरांनी पावती दिली नाही तर काय, ते लिहा. नाहीतर पहिल्या आठवड्यात दादा म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं?

वहिनी

वर्गणी विभागाला मी नाव देते माझं. पावतीपुस्तकं नाहीतरी माझ्याच कपाटात आहेत.

पेठकर

वहिनी, तुम्ही नेमक्या कुठल्या मंडळाच्या दादांच्या, हे आता सगळ्यांनाच कळायला लागलंय. नाव घालतो. पावतीची अटही घालतो, पावती आली नाही तर विभागाला पुढची रक्कम नाही.

नाद_खुळा

तीन हजारात काय हुतंय? जनरेटरला एका रातीचं डिझेलच त्येच्या फुडं जातंय. इद्युतवाल्याला धा हजार करा, न्हाईतर त्यो रातच्या दोनला डबा हातात घिऊन दादाच्याच दारात हुबा ऱ्हानार.

पेठकर

बरोबर. विद्युतला दहा, बाकीच्यांना तीन. डिझेलची पावती पंपावरचीच लागेल, कोऱ्या कागदावरची चालणार नाही.

नाद_खुळा

पंपावरची दिऊ की. आनि सजावटीला कोन घालताय? त्या पोराला इचारा. फोन मी लावतो.